बर्फात भोक पाडायचं हातऑगर: कुठलं घ्यावं, कसं फिरवावं

सहा इंची घ्या. पुढचं वाचायला सवड नसेल, तर एवढंच लक्षात ठेवून दुकानात गेलात तरी फसणार नाही.

दर वर्षी नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उलटलं, तळ्यांच्या कडा गोठायला लागल्या, की ट्विन सिटीजमधल्या (मिनेसोटातली मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं) आमच्या मराठी मंडळींपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "ताई, यंदा आम्हीही बर्फावर मासे धरायला येणार. ते भोक पाडायचं ऑगर कुठलं घेऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य येतं, "आठ इंची बघून ठेवलंय, घ्यायचंच तर मोठं घेऊ म्हटलं." मी मूळची मालवणची, पेशाने फिजिओथेरपिस्ट. त्यामुळे मासा असो की खांदा, गप्प बसणं मला जमत नाही. आठ इंची हातऑगर हौसेने घेणाऱ्यांचं ऑगर जानेवारीत गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लागतं आणि खांदा माझ्यासारखीच्या टेबलावर येतो.

ज्यांनी ही वस्तू पाहिलीच नाही त्यांच्यासाठी: हातऑगर म्हणजे सुताराच्या गिरमिटाचं थोरलं भावंड. उभं केलं की छातीला लागतं. खाली दोन ब्लेडं, त्यांच्यावर मळसूत्री पट्टी, ती कापलेला बर्फ वर सरकवते, आणि त्यावर कोन देऊन वाकवलेला दांडा. दांड्याच्या टोकाला एक गोल मूठ, ती एका हाताने नुसती धरून ठेवायची. मधली मूठ दुसऱ्या हाताने गोल फिरवायची. इंजिन नाही, बॅटरी नाही. वजन अडीच-तीन किलो. गॅसवरचं किंवा मोठ्या बॅटरीचं ऑगर दहा किलोच्या आसपास किंवा पुढे जातं आणि किंमत कित्येक पटींनी. हातऑगर साधारण ६० ते १०० डॉलरांत येतं, उणे १० फॅरनहाइटमध्येही (आपल्या हिशोबात उणे २३) ते चालू होणार की नाही हा प्रश्नच नसतो, आणि ते आवाज करत नाही. पाच-सात फूट पाण्यावर बसणार असाल तर हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. उथळ पाण्यातले ब्लूगिल मासे डोक्यावरच्या खडखडाटाने पांगतात.

इंचाचा हिशोब

आठ आणि सहा यांत दोनच इंचांचा फरक, असं वाटतं. पण भोक गोल असतं आणि कापायचा बर्फ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहाचा वर्ग ३६, आठचा ६४. म्हणजे जवळपास पावणेदोनपट काम. २० इंच जाड बर्फात सहा इंची भोक पाडलं तर साधारण साडेआठ किलो बर्फ किसून बाहेर निघतो. आठ इंचीला १५ किलो. आता हे एका भोकाचं झालं. मासा कुठे आहे हे शोधायला माणूस एकाच भोकावर थांबत नाही. आठ-दहा तरी पाडावी लागतात. दहाव्या भोकाशी १५० किलो आणि ८५ किलो यांतला फरक कुठल्या स्नायूत बसतो ते मी रोज कामावर पाहते.

"पण मोठा मासा आला आणि भोकातून निघालाच नाही तर?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सहा इंची भोकाचा घेर जवळजवळ १९ इंच. २८ इंच लांबीच्या वॉलआयचा, म्हणजे कुणीही फोटो काढून गावाला पाठवील अशा माशाचा, पोटाचा घेर पंधरा-सोळा इंच असतो. निघतो. डोकं भोकात वळवून घ्यायची कसरत करावी लागते, तेवढंच. क्रॅपी, ब्लूगिल, पर्च यांचा तर सवालच नाही.

आठ इंची कुणी घ्यावं? जे मुद्दाम मोठ्या नॉर्दर्न पाइकच्या मागे जातात किंवा उत्तरेकडच्या खोल तळ्यांत लेक ट्राउट धरतात त्यांनी. पण अशा लोकांनी हाताने फिरवायचं घेऊच नये, सरळ बॅटरीचं घ्यावं. पाच इंची हे फक्त छोट्या माशांसाठी, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातात द्यायला उत्तम. मुलं स्वतः पाडलेल्या भोकाशी जास्त वेळ बसतात. दुसऱ्याने पाडून दिलेल्या भोकाशी पाच मिनिटांत "कधी जायचं घरी?" सुरू होतं. लहान भोकाचा आणखी एक फायदा म्हणजे पोराचा बूट त्यात जात नाही.

ब्लेड आणि दांडा

ब्लेडचे मुख्य प्रकार दोन. एक जुना, चमच्याच्या घाटाचा. त्यात मळसूत्री पट्टी नसते, खाली खोलगट पात्याला धार असते. तो वजनाला हलका, पण बर्फ वर काढत नाही, म्हणून अधूनमधून उपसावा लागतो. आता दुकानात क्वचित दिसतो. गॅरेज सेलमध्ये मात्र हमखास असतो आणि त्याची धार गेलेली असते. दुसरा प्रकार दोन सपाट ब्लेडांचा, स्क्रूने बसवलेला. आज स्ट्राइकमास्टर, एस्किमो, फिनलंडचं निल्स, स्वीडनचं मोरा, यांपैकी कुठलंही उचललं तरी साधारण ह्याच जातीचं निघतं. निल्स महाग आहे, पण धारेच्या बाबतीत पैसे वसूल. पहिल्याच वर्षी एवढा खर्च करू नका.

मोरा हे स्वीडनमधलं सुऱ्यांसाठी नावाजलेलं गाव. आमच्या मिनेसोटातही त्याच नावाचं गाव आहे, स्वीडिश वसाहतकऱ्यांनी भरलेलं, आणि तिथे एक भलाथोरला केशरी डाला घोडा, म्हणजे स्वीडनच्या पारंपरिक खेळण्यातला घोडा, उभा आहे. मिल लॅक्स तळ्याकडे जाताना वाट थोडी वाकडी केली तर पोरांचा फोटो होतो.

दुकानात ऑगर हातात घेतलं की आधी सांधा बघा. बहुतेक ऑगरं गाडीत मावावीत म्हणून मध्ये दुमडतात किंवा दोन तुकड्यांत निघतात. जोडून, घट्ट करून, टोक जमिनीवर (ब्लेडवरचं कव्हर न काढता!) टेकवा आणि वरची मूठ हलवून बघा. सांधा कुरकुरला किंवा हलला तर परत ठेवा. प्रत्येक फेऱ्यात तो ढिलेपणा तुमच्या मनगटात उतरणार आहे. मग उंची. दांड्याची लांबी कमीजास्त करता येते ना, ते पाहा. उभं राहून वरची मूठ छातीच्या मध्याशी आली पाहिजे आणि फिरवणारा हात कंबर ते छाती एवढ्या पट्ट्यात फिरला पाहिजे. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईने सहा फुटी नवऱ्याच्या मापाचं ऑगर फिरवायचं म्हणजे खांदा कानाला लावून फिरवायचं. बायकांनो, नवऱ्यासोबत एकच ऑगर वापरत असाल तर प्रत्येक वेळी उंची बदला, आळस नको.

शिवाय त्या मॉडेलची सुटी ब्लेडं त्याच दुकानात टांगलेली आहेत का, हे बघा. ब्लेडांचा जोड ऑगरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाला वगैरे पडतो. ब्लेडं मिळत नसतील तर ऑगर कितीही देखणं असो, दोन हिवाळ्यांत निकामी. आणि ऑनलाइन रशियन बनावटीचं स्वस्तात दिसलं तर फिरवायची दिशा तपासा. त्यांतली काही उलटी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतात. हाताने फिरवताना चालतं, पण पुढे बॅटरीच्या ड्रिलवर लावायचा विचार असेल तर अडचण होते.

ड्रिलचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. हल्ली खूप जण ऑगरचा खालचा भाग अडॅप्टरने कॉर्डलेस ड्रिलला जोडतात. काम झपाट्याने होतं, वाद नाही. पण १८ व्होल्टचं, ब्रशलेस, दणकट ड्रिल लागतं. भिंतीवर फ्रेम लावायचं घरातलं ड्रिल धूर काढील. बाजूची मूठ लावल्याशिवाय चालवू नका. ब्लेड अडकलं की ड्रिल स्वतःच फिरतं आणि मनगट पिरगळतं. अशी मनगटं बरी व्हायला खांद्यांपेक्षा जास्त दिवस घेतात. ड्रिल आणि ऑगर यांच्यामध्ये भोकापेक्षा रुंद अशी एक चकती बसवायची असते. चक, म्हणजे ड्रिलचा पकडणारा जबडा, ढिलं झालं तर ऑगर तळ्याच्या तळाशी जाऊ नये म्हणून. बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती अर्ध्यावर मान टाकते. आणि ड्रिल असलं तरी हातऑगरचा वरचा दांडा गाडीत असू द्या.

आधी बर्फाचं बघा

ऑगर हे मासेमारीचं हत्यार आहेच, पण त्याआधी ते मोजपट्टी आहे. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं, ज्याला इथे सगळे डीएनआर म्हणतात, चालत जायला किमान ४ इंच नवा, स्वच्छ, कडक बर्फ सांगतं. स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरला, ५ ते ७. गाडीचे आकडे मी मुद्दाम देत नाही. पहिल्या हिवाळ्यात गाडी बर्फावर नेऊच नका. हे ४ इंच काळसर, पारदर्शक बर्फाचे. पांढरा, दुधाळ बर्फ, म्हणजे स्नो वितळून पुन्हा गोठलेला, निम्म्या ताकदीचा धरायचा आणि जाडी दुप्पट हवी.

जाडी एका जागी मोजून भागत नाही. ओढा येऊन मिळतो ती जागा, दोन तळ्यांमधली चिंचोळी खाडी, खालून झरा आहे ती जागा, धक्क्याभोवती बुडबुडे सोडणारं यंत्र लावलंय ती जागा, इथे चार पावलांवर बर्फ अर्धा होतो. म्हणून हातात पहार घेऊन निघायचं. दर एक-दोन पावलांवर समोर सपकन मारायची. एका-दोन घावांत पहार पार गेली किंवा पाणी वर आलं तर आल्या वाटेने, आपल्याच पावलांवर माघारी. दर १५० फुटांवर ऑगरने भोक पाडून मोजायचं. मोजायला साधा मोजफितीचा टेप चालतो. टोकाचा लोखंडी आकडा भोकातून खाली सोडा, बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि वर काय आकडा येतो ते वाचा. ऑगरच्या पट्टीवर ४, ८ आणि १२ इंचांवर रंगीत इलेक्ट्रिकल टेपच्या पट्ट्या गुंडाळून ठेवल्या की भोक पाडता पाडताच अंदाज येतो. तो अंदाजच असतो, खरं माप टेपचं.

गळ्यात हाताचे काटे (पाण्यात पडलात तर बर्फात रोवून वर यायला), बुटाला क्लीट्स, म्हणजे न घसरण्यासाठी खिळ्यांचे पट्टे, अंगात तरंगणारं जॅकेट किंवा लाइफ जॅकेट, एकटं जायचं नाही. आणि बर्फ जाड आहे म्हणून वारा विसरायचा नाही. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस अप्पर रेड लेकवर वाऱ्याने बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून तुटून वाहत गेला आणि शंभराहून जास्त लोकांना सोडवून आणावं लागलं. तो हिवाळाच विचित्र उबदार होता. अशा वर्षी कुणी "मागच्या वर्षी ह्याच तारखेला आम्ही गाड्या नेल्या होत्या" म्हणू लागलं तर त्याच्यासोबत जाऊ नये.

भोक पाडताना

जागा ठरली की आधी जॅकेटची चेन उघडा, जाड टोपी काढा. लोक उलटं करतात, गुरगुटून घेऊन फिरवायला लागतात, घामाघूम होतात आणि मग दोन तास ओल्या बनियनवर थंडीत बसतात. घाम येण्याआधी कपडे कमी करायचे आणि बसताना परत घालायचे. लोंबणारा स्कार्फ, लांब दोऱ्या आत खोचा. मोकळी वेणी जॅकेटच्या आत.

बुटाच्या टाचेने वरचा स्नो बाजूला सारून कडक बर्फ उघडा करा. स्नोवरून सुरू केलं तर ब्लेड नुसतं घसरतं आणि नवशिक्याला वाटतं, ऑगर बोथट आहे. किनाऱ्याजवळ वाळू उडून बर्फात गोठलेली असते, तिथे तर मुळीच सुरू करू नका. एका वाळूच्या थराने नव्याकोऱ्या ब्लेडची धार जाते.

कव्हर आता काढा, आधी नाही. पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे जरासे सैल, ऑगर दोन्ही पायांच्या मध्ये पण बोटांपासून हातभर पुढे. वरची मूठ एका हाताच्या तळव्यात. ती घट्ट आवळायची नाही, तिने फक्त ऑगरला सरळ उभं ठेवायचं. दुसऱ्या हाताने मधली मूठ. पहिले पाच-सहा फेरे सावकाश. बर्फावर गोल चर उमटली, ब्लेडांनी घर केलं, की मग लय धरा.

इथे सगळे चुकतात ते दाबण्यात. वरची मूठ छातीला लावून अंगाचा भार टाकतात. धारदार ब्लेडला भार नको असतो. विळीच्या खोवणीवर नारळाची कवड फिरवताना आपण काय करतो? दाबत नाही, फिरवतो. दाबलं की खोवणी करवंटीला रुतते. इथेही तेच, ऑगरचं स्वतःचं वजन आणि तळव्याचा नुसता स्पर्श पुरतो. वेग मध्यम, पण सलग. जोरजोरात दहा फेरे आणि मग थांबून धापा, यापेक्षा बोलता बोलता फिरवता येईल असा वेग कामाचा. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला.

फिरवायची ताकद खांद्यातून काढू नका. कोपर अंगाजवळ ठेवा आणि कंबरेपासून थोडं थोडं झुलत फिरवा, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाऊ द्या. एक हात थकला की हात बदला. दिशा तीच, फक्त वरचा हात मधल्या मुठीवर आणि मधला वर. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी फिरवायची सवय पहिल्याच दिवसापासून लावली तर वयाच्या साठीतही हे करता येतं. माझे शेजारी, स्वीडिश घराण्यातले, पंचाहत्तरीचे आहेत. मेडिसिन लेकवर त्यांच्या शेजारी उभं राहून फिरवायला लागलं की पुढचं भोक ते आधी संपवतात. घाईने नव्हे. ते थांबतच नाहीत.

बाहेर काय पडतंय त्याकडे लक्ष ठेवा. धार चांगली असेल तर बर्फाच्या पातळ, मोठ्या खपल्या वर येतात. पिठासारखा चुरा पडायला लागला की ब्लेड बोथट झालंय किंवा त्यावर बर्फाचा पापुद्रा धरलाय. सात-आठ इंच खोल गेलात की फिरवणं न थांबवता ऑगर थोडं वर उचला, साचलेला चुरा बाहेर पडू द्या, परत खाली सोडा. बर्फ मळसूत्री पट्टीच्या लांबीपेक्षा जाड असेल, म्हणजे दीड फुटाच्या पुढे, तर हे जास्त वेळा करावं लागतं, कारण पट्टी संपली की चुऱ्याला वर यायला वाट उरत नाही. ट्विन सिटीजच्या आसपास जानेवारीअखेर १५-२० इंच बर्फ असतो, तिथवर हातऑगर मजेत चालतं. फेब्रुवारीत पार उत्तरेला, लेक ऑफ द वूड्सला जाणार असाल तर दांड्याला जोड लागेल, किंवा ड्रिलवाला मित्र.

शेवटचा इंच वेगळा असतो. आवाज बदलतो, चुरा ओला होऊन लगदा यायला लागतो आणि ऑगर एकदम हलकं होऊन खाली झेपावतं. त्या क्षणी दाबलंत तर ब्लेड खालच्या कडेत रुतून बसतं आणि मुठीचा हिसका थेट मनगटात. म्हणून लगदा दिसला की हात हलका करा, जवळजवळ वर धरून चार-पाच फेरे आणखी द्या. खालची कड गुळगुळीत झाली पाहिजे. ती खडबडीत राहिली तर मासा वर घेताना त्याच कडेला घासून दोरी तुटते. मग फिरवणं थांबवून ऑगर सरळ, एका दमात वर उपसा. उलटं फिरवून काढू नका, तसं केलं की सगळा चुरा पट्टीवरून घसरून भोकातच राहतो. सरळ वर ओढलं की पट्टीवर बसलेला लगदा पाण्यासकट बाहेर येतो. पाय बाजूला ठेवा, बूट भिजतील. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून ओढायचं. त्या पाण्याचं वजन अंदाजापेक्षा जास्त असतं. उरलेला लगदा लांब दांड्याच्या झाऱ्याने काढायचा. इथल्या दुकानात त्याला स्किमर म्हणतात, पण जुना पुरी तळायचा झारा तितकाच चालतो.

अडलं तर

ऑगर बर्फ धरतच नाही, नुसतं गोल गोल फिरतंय? बहुतेक वेळा ब्लेडवर पाणी गोठलेलं असतं. एक भोक झालं, पाच मिनिटं गप्पा झाल्या, उणे १५ अंशांत ब्लेडवर काचेसारखा थर बसला. मग धार कुठून लागणार? ऑगर बर्फावर आपटून हा थर काढणारे लोक दर वर्षी दिसतात. ब्लेडची कड वाकते ती इथेच. आधीच्या भोकातल्या पाण्यात ब्लेडं बुडवून ठेवा, थर विरघळतो. मग एक झटका देऊन लगेच पुढचं भोक सुरू करा. म्हणूनच भोकं एकदाच ओळीने पाडून घ्यावीत, गप्पा नंतर.

ऑगर तिरकं जातंय असं वाटलं तर तेच भोक सरळ करत बसू नका, हातभर बाजूला नवीन सुरू करा. मधेच ओल्या लगद्याचा थर लागला, म्हणजे वर बर्फ, मध्ये पाणी, खाली पुन्हा बर्फ, तर अर्धवट सोडून जेवायला बसू नका, पार करूनच थांबा. अर्धवट भोकात ऑगर उभं ठेवून गेलात तर परत येईपर्यंत ते तिथेच चिणून बसलेलं असेल. आणि आदल्या दिवशीचं, वर पापुद्रा धरलेलं भोक उघडायला सपाट ब्लेडचं ऑगर वापरू नका. ते जुन्या भोकाच्या कडेला अडकून उडी मारतं आणि धारेचा टवका उडतो. तिथे पहार.

ब्लेडची निगा

घरी आल्यावर ऑगर गाडीत राहू देऊ नका. आत आणा, फडक्याने कोरडं पुसा, तासभर उघडं ठेवा. ओल्या ब्लेडवर कव्हर चढवलं की आत गंज धरतो. कोरडं झालं की शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट फिरवा. आमच्याकडच्या सवयीप्रमाणे खोबरेल लावायला जाऊ नका, ते गॅरेजमध्ये गोठून ब्लेडवर लोण्यासारखं बसतं. पुढच्या वेळी निघताना तेल पुसून काढा, माशांना वास लागतो.

ब्लेडचे स्क्रू दर फेरीआधी तपासा. एक स्क्रू सैल झाला तर एक ब्लेड केसभर खाली येतं आणि ऑगर लंगडत कापतं. त्या मापाची किल्ली आणि दोन जादा स्क्रू एका छोट्या डबीत घालून ती डबी गळांच्या पेटीत टाका. बर्फावर काळे स्क्रू पडले तर सापडतात, चंदेरी पडले तर विसरा.

घरी कानसीने धार लावायचा मोह होतो. करू नका. अंगठ्याला धार लागते, पण बर्फाला लागत नाही, कारण ब्लेड बर्फात कोणत्या कोनात शिरतं यावर सगळं अवलंबून आहे आणि तो कोन कानसीने हमखास बदलतो. काही कंपन्या धार लावून देतात. नाहीतर नवा जोड घ्या. दोन्ही ब्लेडं एकदम बदला, एक जुनं एक नवं चालत नाही. आणि बदलताना जाड चामडी हातमोजे. ही ब्लेडं भाजीची सुरी नव्हेत, हाडापर्यंत जातात.

भोकं पाडून झाल्यावर

मिनेसोटात हिवाळ्यात बर्फावर प्रत्येकी दोन दोऱ्या लावता येतात. उन्हाळ्यात एकच. १६ वर्षांखालच्या इथल्या मुलांना परवाना लागत नाही, मोठ्यांना लागतो, आणि परवान्याचं वर्ष मार्चपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पहिल्यांदाच जायचा बेत असेल तर जानेवारीत एक वीकएंड खास मुलांना घेऊन जायचा असतो, त्यात १५ पर्यंतच्या मुलासोबत असलेल्या मोठ्यांनाही परवान्याची गरज नाही. त्या दिवशी मराठी मंडळींना नेणं मला सगळ्यात सोपं जातं. वॉलआय आणि नॉर्दर्न पाइकचा मोसम फेब्रुवारीच्या अखेरीस बंद होतो, क्रॅपी आणि ब्लूगिल मात्र पुढेही धरता येतात. आणि तेच खायला गोड. क्रॅपीचे तुकडे आगळ, मीठ, हळद, मालवणी मसाल्यात अर्धा तास आणि मग रव्यात घोळून तव्यावर. वॉलआयचं इथे फार कौतुक आहे. चांगला आहे, पण मसाल्यापुढे क्रॅपीच उभी राहते, असं माझं ठाम मत.

निघताना आपण पाडलेल्या भोकांशेजारी एखादी वाळकी फांदी खोचून ठेवा. भोक दोन-तीन तासांत पातळ पापुद्र्याखाली दिसेनासं होतं आणि मागून येणाऱ्याचा पाय त्यात जातो. आमिषाच्या बादलीतलं तळ्याचं पाणी तिथेच ओतून टाका.

मोसम संपला की ऑगर आणि त्याच्या ब्लेडांवरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मार्चच्या शेवटी दुकानं हिवाळी माल स्वस्तात काढतात, ब्लेडांचा जादा जोड तेव्हा घ्यायचा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तळी गोठली की सगळेच तिथे उभे असतात आणि सहा इंचीचाच खुंटा आधी रिकामा होतो.